आधी मीठ, मग अ‍ॅसिड

घरच्या घरी कातडं कमावणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा पिकलिंगच्या टप्प्यावर अडतं. सोलून, खारवून, खरवडून झालेलं कातडं मीठ आणि अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरायला टाकतात, तो हा टप्पा. इथं ते एका रात्रीत फुगून गिळगिळीत होतं, किंवा पोटाकडचे केस मुठीत येतात. कधी सगळं ठीक दिसतं आणि चामडं वाळल्यावर मानेचा भाग तेवढा ताठ, कडक राहतो. मग दोष अ‍ॅसिडवर येतो आणि पुढच्या वेळी माणूस अ‍ॅसिड कमी-जास्त करून बघतो. माझं मत वेगळं आहे. बिघाड अ‍ॅसिडमुळे क्वचितच होतो. बहुतेकदा मीठ कमी पडलेलं असतं, नाहीतर आधीचं काम अर्धवट झालेलं असतं.

वसई-विरारमध्ये हा विषय काढायला कारण आहे. बोकडाच्या कातड्याला गेल्या काही वर्षांत भाव राहिलेला नाही. रविवारी खाटकाकडे आणि बकरी ईदच्या वेळी घरोघरी निघणारी कातडी पूर्वी व्यापारी हौसेनं उचलायचे, आता त्यातली बरीच वाया जातात. दुसरीकडे कमावण्याला लागणारा मुख्य माल, म्हणजे मीठ, इथंच पिकतं. नायगाव, जूचंद्र, भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरं कमी झाली असली तरी खडे मीठ अजून सहज मिळतं. वाडीत थोडी सावलीची जागा असेल तर एखादं कातडं कमावून बघायला हरकत नाही. ते बोकडाचं किंवा मेंढीचंच घ्यावं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या हत्येवरही बंदी आहे आणि वन्य प्राण्यांचं कातडं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. विक्रीसाठी काम वाढवायचं असेल तर गोष्ट बदलते. टॅनरी हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल यादीतला उद्योग आहे, परवानगीशिवाय चालत नाही.

आता या पाण्यात घडतं काय ते पाहू. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट वीण. अ‍ॅसिड आत शिरलं की तंतूंवर धन विद्युतभार येतो. सारखा भार असलेले तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी घुसतं. नुसत्या अ‍ॅसिडात कातडं म्हणूनच फुगतं, अर्धपारदर्शक होतं, आणि असं फुगलेलं कातडं आतून तुटायला लागतं. पाण्यात पुरेसं मीठ असेल तर बाहेरच्या क्षारांमुळे पाणी आत घुसत नाही. तंतू सैल होतात पण फुगत नाहीत, आणि अ‍ॅसिड शांतपणे गाभ्यापर्यंत पोचतं. लीड्सचे हेन्री प्रॉक्टर आणि त्यांचे सहकारी जॉन आर्थर विल्सन यांनी या फुगण्याचं गणित १९१६ साली मांडलं. घरी काम करणाऱ्यानं त्यातून एवढंच घ्यायचं की मीठ ही अ‍ॅसिडला धरून ठेवणारी वेसण आहे. वेसण आधी घालायची.

त्यामुळे पाण्याचं प्रमाण ठरवताना मीठ पहिलं मोजायचं. दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ हा सगळीकडे दिला जाणारा आकडा आहे आणि तो बरोबरही आहे, पण त्यात एक गोष्ट मोजायची राहून जाते. दीड किलोचं कातडं भिजून आलेलं असतं, म्हणजे त्यातलं साधारण एक किलो पाणीच असतं. तुम्ही पाच लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवलंत आणि त्यात हे कातडं सोडलंत, तर ते मीठ आता सहा लिटरमध्ये वाटलं जातं. दहा टक्क्यांचं सव्वाआठ टक्के होतं. वर ‘कातडं बुडत नाही’ म्हणून कुणी आणखी दोन तांबे पाणी ओतलं की मीठ सातच्या आसपास येतं, आणि हीच ती फुगायला लागण्याची सीमा. पाच लिटरला सहाशे ग्रॅम मीठ घ्या, वजनकाट्यावर मोजून घ्या आणि नंतर पाणी वाढवायचं झालं तर त्याच प्रमाणातलं खारं पाणी करून वाढवा. मुठीनं किंवा वाटीनं मोजू नका, कारण खडे मीठ आणि बारीक मीठ यांचं एका वाटीतलं वजन सारखं नसतं.

मिठागरात खारटपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन अंशांचं असतं आणि २५ अंशांच्या पुढे मीठ धरायला लागतं. पिकलिंगच्या पाण्याला ७ ते १० अंश लागतात, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या निदान दुप्पट. बोमेचं काचेचं मापक प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. नसेल तर ताजं अंडं मिठाच्या पाण्यात सोडून पाहतात. ते तरंगलं तर पाणी दहा टक्क्यांच्या जवळपास आलेलं असतं. ही तपासणी ढोबळ आहे आणि अंडं ताजंच हवं. शिळं अंडं कमी मिठातही तरंगतं.

आपल्याकडच्या खडे मिठाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. ते मातीच्या कोंडीतून निघतं, त्यामुळे त्यात गाळ असतो आणि गाळात लोह असतं. ते अ‍ॅसिडात विरघळून कातड्यात गेलं आणि पुढे तुम्ही बाभळीची साल किंवा हिरडा वापरलात, तर चामड्यावर निळेकाळे डाग उठतात. हे डाग घासून जात नाहीत. उपाय अगदी सोपा आहे. मीठ आधी साध्या पाण्यात विरघळवा, रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं पाणी सुती कापडातून गाळून घ्या आणि मगच अ‍ॅसिड घाला. क्रम उलटा झाला की लोह पाण्यात उतरलंच. याच कारणानं लोखंडी घमेलं, गंजका सुरा, खिळा लागलेली फळी यातलं काही कातड्याच्या जवळ येऊ देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही चालत नाही, अ‍ॅसिड ते खातं. झाकणाचं प्लास्टिकचं पिंप सगळ्यात बरं.

दुसरी गोष्ट खारवून ठेवलेल्या कातड्यावर उठणाऱ्या गुलाबी-लाल डागांची. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याला मासळी सुकवणाऱ्या घरांत हा प्रकार नवा नाही. खारवलेली मासळीही अशीच लाल पडते. हे मिठातच जगणारे सूक्ष्मजीव असतात आणि समुद्रमिठातून येतात. वरवर डाग असतील तर कातडं ताज्या खाऱ्या पाण्यात धुऊन लगेच पिकलिंगला घ्यावं, अ‍ॅसिडात हे जीव टिकत नाहीत. पण डागाखालचा पापुद्रा नखानं सुटत असेल तर त्या जागी चामड्याचा पृष्ठभाग खडबडीत येणार हे गृहीत धरा. एकदा वापरलेलं खारवणीचं मीठ पुन्हा वापरलं की हे डाग हमखास येतात.

अ‍ॅसिड कोणतं घ्यावं यावर घरी काम करणाऱ्यांत बराच घोळ असतो. किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, हे माझ्या मते घरासाठी सगळ्यात योग्य. लिटरला २० ग्रॅम घातलं की पाण्याचा पीएच २ च्या आसपास येतो. व्हिनेगर स्वस्त आणि ओळखीचं असल्यानं लोक तिकडे वळतात. पण बाटलीतलं चार टक्क्यांचं व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरलं तर सुरुवातच २.६ च्या पुढे होते, आणि कातडं अ‍ॅसिड शोषू लागलं की पीएच वर सरकत जातो. आपल्या हवेत ही तारेवरची कसरत आहे. नुसती तुरटी पिकलिंगला पुरत नाही. तिचं काम पुढचं, कमावण्याचं. बॅटरीतलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड कारखान्यात वापरतात तसं आपणही वापरू, असा विचार घरी करू नये. एवढ्याशा कातड्यासाठी डोळा जाण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. अ‍ॅसिड कोणतंही असो, ते पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचिंग पावडर त्या जागेत आणूही नये. अ‍ॅसिडशी मिसळली की क्लोरीन वायू सुटतो.

याहून मोठा धोका केस काढण्याच्या टप्प्यातून येतो. चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड वापरून केस काढले असतील आणि कातडं नीट न धुता अ‍ॅसिडात टाकलं, तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि मात्रा वाढली की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं वायू गेला. टॅनरीतल्या कामगारांचे मृत्यू याच वायूनं झालेले आहेत. घरी सल्फाइड वापरूच नका. नुसत्या चुन्यानं चार-सहा दिवस जास्त लागतात, एवढंच.

चुना वापरला असेल तर तो पूर्ण निघाला का हे अ‍ॅसिडआधी बघायला हवं. पिकलिंगचं पाणी सकाळी २ वर ठेवलं आणि संध्याकाळी ४ झालं, पुन्हा अ‍ॅसिड घातलं आणि पुन्हा चढलं, असं होत असेल तर गाभ्यात चुना उरलेला आहे आणि तुमचं अ‍ॅसिड त्यालाच मारण्यात खर्च होतंय. तपासणी स्वयंपाकघरात आहे. मानेच्या जाड भागाची कड धारदार सुरीनं कापा आणि ताज्या कापावर हळदीचं पाणी लावा. कापाच्या मधोमध लाल रेघ उमटली तर चुना आत आहे. कातडं पुन्हा धुवायचं, आणि गव्हाच्या कोंड्याच्या आंबवलेल्या कोमट पाण्यात किंवा अगदी पातळ व्हिनेगरमध्ये काही तास ठेवून परत कापून बघायचं. हळद पिवळीच राहिली की पुढं जायचं.

हीच युक्ती उलट बाजूनं पिकलिंग संपत आल्यावर वापरता येते. या वेळी हळद नाही, जास्वंद. चार-पाच लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरून गाळलेलं जांभळट पाणी घ्यायचं. ते तीव्र अ‍ॅसिडात ठळक गुलाबी-लाल होतं. मानेचा काप घेऊन त्यावर दोन थेंब टाका. दोन्ही कडा लाल आणि मधली पट्टी फिकट किंवा जांभळट दिसली तर अ‍ॅसिड अजून गाभ्यात गेलेलं नाही. वाळल्यावर मान कडक राहण्याचं कारण हीच पट्टी; तिथं पुढं तुरटी किंवा साल पोचतच नाही. काप सलग लाल झाला, आणि शिवाय कातड्याची घडी दाबून सोडल्यावर पांढरी रेघ टिकून राहिली, की झालं. नेमका आकडा मात्र जास्वंद सांगत नाही. पाण्यासाठी पीएच पट्ट्या घ्याव्यात, त्याही १ ते ४ मध्ये बारीक टप्पे दाखवणाऱ्या. शाळेतला लिटमस कागद इथं निरुपयोगी, तो ३ आणि ६ मधला फरक दाखवत नाही.

पाच लिटरला सहाशे ग्रॅम मीठ आणि शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, अशा पाण्यात दीड किलोचं कातडं टाकलं तर दुसऱ्या दिवशी पीएच ३ कडे चढलेला दिसेल. घाबरू नका, कातड्यानं आपल्या वाट्याचं अ‍ॅसिड घेतलं आहे. कातडं बाहेर काढून पंचवीस ग्रॅम लिंबूसत्त्व थोड्या खाऱ्या पाण्यात विरघळवून घाला, ढवळा, कातडं परत सोडा. पीएच अडीचच्या खाली स्थिर राहीपर्यंत हे करत जायचं. बोकडाला एकूण तीन दिवस पुरतात. दिवसातून तीन-चार वेळा हलवायचं, घड्या मोडायच्या. घडीच्या आत अ‍ॅसिड पोचत नाही आणि सडणं तिथंच सुरू होतं. दुसऱ्या दिवशी कातडं बाहेर काढलंत तर मांसाकडची बाजू पांढरी, भरदार झालेली दिसेल. मानेचा जाड भाग तासून पातळ करायला हीच वेळ चांगली. कच्च्या कातड्यावर निसटणारी सुरी आता नीट धरते. तासून झालं की आणखी एक दिवस पाण्यात.

आता फुगलेल्या कातड्याचं काय करायचं? ते बाहेर काढा, साध्या पाण्याला लावू नका. वेगळ्या भांड्यात लिटरला १२० ग्रॅम मिठाचं, अ‍ॅसिड नसलेलं पाणी करून त्यात चार-सहा तास ठेवा. बहुतेक वेळा फुगवटा उतरतो. मूळ पाण्यात मीठ वाढवून मग परत घ्या. एका दिवसाच्या आत लक्षात आलं तर कातडं वाचतं. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर ओढल्यावर ओल्या कागदासारखं फाटेल, मग उपाय नाही.

केस निसटत असतील तर पिकलिंगला बोल लावण्यात अर्थ नाही. ते नुकसान सोलल्यापासून मीठ लागेपर्यंतच्या वेळात झालेलं असतं. मे महिन्यात विरारच्या उकाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत चार तास पडलेलं कातडं केसांसाठी गेलंच म्हणून समजा. खाटकाकडेच मीठ घेऊन जा आणि कातड्याच्या वजनाच्या निम्मं मीठ तिथंच मांसाच्या बाजूला चोळा. पोट आणि जांघेजवळ केस हलके ओढून बघा. थोडेच सुटत असतील तर लगेच पिकलिंगला घ्या, अ‍ॅसिडमुळे जिवाणूंचं काम थांबतं. पुंजके निघत असतील तर केसांचा हट्ट सोडा आणि चुन्यानं सगळेच काढून साधं चामडं करा.

पिकलिंगच्या पाण्यावर पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी येते. जिवाणू मरतात तरी बुरशीला हे अ‍ॅसिड चालतं. कातडं पूर्ण बुडालेलं ठेवा, वर जड ताट आणि दगड ठेवा, पिंप सावलीत ठेवा. ऊन लागून पाणी तापलं तर बुरशीपेक्षा वाईट होतं, अ‍ॅसिड कोलॅजनलाच तोडायला लागतं. मेंढीचं कातडं असेल तर चरबी आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं काढावी लागते, नाहीतर चरबीच्या डागाखाली अ‍ॅसिड जातच नाही.

बाहेर काढतानाची चूक मात्र चांगल्या कातड्याचा घात करते. तीन दिवस नीट मुरलेलं कातडं लोक नळाखाली धरतात. मीठ पटकन धुऊन जातं, अ‍ॅसिड आतच राहतं, आणि पहिल्या दिवशी टळलेली फुगवण आता होते. अ‍ॅसिड मिठाच्या पाण्यातच कमी करायचं. लिटरला ५० ते ६० ग्रॅम मीठ, त्यात सहा-सात ग्रॅम खाण्याचा सोडा हप्त्याहप्त्यानं घालून वीस-तीस मिनिटं हलवत राहायचं. फेस येतो, तो यायचाच. पीएच ४ ते ५ ला थांबला की कातडं तुरटीला किंवा सालीला तयार. सोडा एकदम ओतला तर वरचा थर उदासीन होतो आणि आत अ‍ॅसिड तसंच.

आपल्या जुन्या कामात पिकलिंगचा टप्पा वेगळा का नव्हता, असा प्रश्न पडेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागात कोल्हापुरी चपलेसाठी ढोर समाजाच्या पिढ्यांनी बाभळीची साल आणि हिरड्यानं चामडं कमावलं. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर असंच काम उभं केलं. तिथं सालीचं जुनं पाणी स्वतःच आंबलेलं असायचं, कातडं आधी जुन्या आणि मग ताज्या पाण्यात जायचं, अ‍ॅसिडची गरज त्यातच भागायची. वेळ मात्र काही आठवडे लागायचा. ढोलकीच्या पुडीला तर पिकलिंग नकोच असतं. ती कच्च्याच कातड्याची हवी.

पिकलिंगचं पाणी नीट असेल तर कातडं बाहेर काढायची घाई करायचं कारण नसतं. न्यूझीलंडमधून मेंढ्यांची कातडी वर्षानुवर्षं पिकल केलेल्या अवस्थेतच जगभर निर्यात होत आली आहेत. तुमचं कातडंही मीठ आणि पीएच सांभाळलात तर तुरटी मिळेपर्यंत आठवडाभर सहज थांबेल.

राहिलं वापरलेलं पाणी. पाच लिटरच्या एका पिंपात अर्ध्या किलोहून जास्त मीठ असतं आणि ते सोड्यानं जात नाही, सोडा फक्त अ‍ॅसिड मारतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळी, पानवेली आणि भाज्या विहिरी आणि बावखलांच्या, म्हणजे तळ्यांच्या, गोड्या पाण्यावर उभ्या आहेत. ते पाणी राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसई संरक्षण समितीनं मोठा लढा दिला आहे. म्हणून हे पाणी वाडीत, माडाच्या बुंध्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. सोडा घालून पीएच ७ वर आणा, दहापट पाणी मिसळा आणि संडासाच्या वाहिनीत सोडा, तीही शोषखड्ड्याला नव्हे तर गटार योजनेला जोडलेली असेल तरच. तशी सोय नसेल तर उन्हात उथळ टबात पाणी आटवा, मीठ खरवडून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. हे जमणार नसेल तर कातडं भिजवायला घेऊच नका.